दादाचे कागद

आये, परवा ऑफिसच्या कामाला मुंबईला गेलो होतो. काम लवकर आटोपलं म्हणून एका चित्रप्रदर्शनात शिरलो. चित्रं जपानी माणसांची होती. कधीच चित्रकला न शिकलेली, बरीचशी मतिमंदांच्या संस्थेतच आयुष्य काढलेली, काही तर न बोलणारी माणसं. एका मोठ्या कागदावर नुसत्या छत्र्या होत्या, ओळीनं, इतक्या दाट की मध्ये बोट ठेवायला जागा नाही. खाली लिहिलं होतं, हा माणूस रोज हेच काढायचा आणि त्याच्या आईनं एकेक कागद जपून ठेवला. मी कितीतरी वेळ त्याच्यापुढेच उभा होतो. तिथली सिक्युरिटीवाली बाई खुर्ची घेऊन आली. "बसा सर. बरं वाटत नाही का?"

मला आपल्या गावची, कुडपणची शाळा दिसत होती. तू चुलीवर मुलांची खिचडी शिजवतेस. दादा भिंतीला टेकून बसलाय, गुरुजींनी दिलेल्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठीवर कोळशानं जेवायला बसलेली मुलं काढतोय. पंगतीमागून पंगती. प्रत्येकापुढे ताट, तोंड मात्र एकालाही नाही. पंचविशी उलटली तरी त्याच्याकडे चार-पाच शब्दच होते.

एका सुट्टीत महाडच्या कॉलेजातले माझे मित्र घरी येणार होते. मला लाज वाटली. त्याच्या कागदांचा अख्खा गठ्ठा मी घरच्या चुलीत कोंबला. दादा समोरच बसून बघत होता. तू पाणी घेऊन आलीस, हंडा तिथंच टाकलास आणि सरळ जाळात हात घातलास. निघाले ते सात-आठ कागद, कडा जळलेले. मला वाटलं, आता मारशील. भाजलेला हात पदराखाली घेऊन तू म्हणालीस, "तुला बोलता येतं, लिवता येतं. त्याला ह्येच येतं रे. त्ये पन जालतोस?"

तू गेलीस त्या दिवशी दादाला शेजारच्या घरी नेऊन बसवलं होतं. पुढे वर्षभर तो माझ्याकडे महाडला राहिला. आमच्या भिंतींवर चित्रं काढायचा. दोनदा भिंती रंगवून झाल्या, मग मी त्याला एका संस्थेत ठेवलं. माणसं चांगली आहेत तिथली, जेवण वेळेवर देतात. कागदाचं मात्र मी कुणाला सांगितलंच नाही. बारा वर्षं झाली.

मुंबईहून थेट तिकडेच गेलो, कोरे कागद आणि कोळशाच्या कांड्या घेऊन. त्यानं एक कांडी उचलली, हुंगली आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली. तासभर बसलो आम्ही. कागद कोराच राहिला. केस पार पिकलेत त्याचे.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं, ते मलाही ठाऊक नाही. पण एक सांगायचं राहिलं. निघताना तो दर वेळी विचारतो, "आय कुटं?" मी म्हणतो, "आत्याकडं गेलीय, तुडीलला. येईल." तो मान डोलावतो. आये, तू वारलीस हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.