माझं घोरणं आणि तुमचं अंथरूण

विद्यानगर, हुबळी
१२ डिसेंबर २००१

वेदश्रीच्या आजोबांस साष्टांग नमस्कार.

मी सांगते आहे, नात लिहिते आहे. इकडं सगळी खुशाल. लेक माझ्यापेक्षा पातळ भाकरी थापते, हे कुणाला सांगू नका. मिरजेत थंडी पडली का?

मला इथं पोचवायला आलात, तेव्हा पंपाचा भाग आणायला म्हणून जावयांबरोबर गोकुळ रोडला गेलात. काल जावई बोलून गेले, की गेला होतात डॉक्टरांकडं! लघवीची जळजळ, मधूनच थंडीताप, रात्रीचं सारखं उठणं, सगळं त्या प्रोस्टेट ग्रंथीतल्या जुन्या जंतूंमुळं. लेकीला ठाऊक, जावयांना ठाऊक. मीच तेवढी परकी.

आणि मला काय सांगितलंत? "तुझ्या घोरण्यानं झोप लागत नाही." अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलंत. दोन वर्षं मी घोरू नये म्हणून भिंतीला टेकून झोपले. हसू नकोस गं, लिही.

जळजळ थांबली की गोळ्या बंद करता म्हणे. जंतू आत दबून राहतात आणि पुन्हा उठतात, असं डॉक्टरांनी बजावलंय. या खेपेला सहा आठवड्यांच्या गोळ्या संपवा, मग लघवी तपासून घ्या. सोवळं मोडेल म्हणून पूजेत लघवी दाबून बसू नका. देव थांबतो.

मी रविवारी येते. अंथरूण आत आणून ठेवा. रात्री उठलात तर दिवा मी लावीन. घोरणार मात्र मनसोक्त.

तुमच्याच घरची,
(अंगठा)