काठाच्या ओळी

ता. २ सप्टेंबर
संशोधन केंद्र, गोदामामागची खोली

प्रिय ताई,

नमस्कार. वाकून केलाय असं समज, कंबर सध्या तेवढी वाकत नाही.

तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला? फोनवर विचारलं की तू "बरंय रे" म्हणून मोकळी होतेस आणि पुढची वीस मिनिटं एकटीच बोलतेस. माझं सगळं राहून जातं. म्हणून या वयात पत्र. हसू नकोस.

इकडे ठीक. नोकरी पक्की झाल्यापासून मला टेबल मिळालंय, टेबलाला खण आहे आणि खणाला किल्ली. साहेब येता-जाता पाठीवर थाप मारतात. तुझी भाची शाळेत सांगत सुटलीय की बाबांनी नवा गहू शोधला. शोधला कसला, नुसता मोजला.

वस्तीतल्या अकराही घरांनी तुझ्या शब्दावर नवा गहू पेरायला होकार दिला, असं भावजी सांगत होते. बियाण्याची कंपनी गोदाम बांधणार, खोल बोअर घेणार, यंत्रं आणणार. चांगलंच आहे. फक्त एक सुचवतो. तुझ्या कोठीतला जुना गहू सगळाच्या सगळा दळून टाकू नकोस. असू दे एखादं पोतं. सहज म्हणतोय.

तुझा
ठोंब्या

---

ता. १९ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं उत्तर मिळालं. चांगली खरडपट्टी काढलीस. "तूच म्हणालास दीडपट पिकतो, आणि आता तूच पाय मागे घेतोस? करारात लिहिलंय, भेसळ नको म्हणून जुन्या बियाण्याचा दाणा ठेवायचा नाही. लोकांना गिरणीत पाठवायचं आणि मी स्वतः पोतं लपवायचं होय रे?" बरोबर आहे तुझं. स्वतःसाठी तू कधी काही लपवलेलं मी तरी पाहिलं नाही.

पण थोडं थांबता नाही का येणार? नवा गहू पाणी फार पितो, तुमच्या गव्हाच्या दुप्पट. कंपनीच्या माहितीपत्रकावर पहिल्याच पानावर "टिकाऊ वाढ" असं छापलंय. मी त्यांच्या इंजिनिअरला विचारलं, की एवढं पाणी जमिनीखाली किती वर्षं पुरेल? तो म्हणाला, अहवाल यायचाय. अहवाल यायच्या आधी बोअरची जागा आखून झाली होती.

तू म्हणशील, मग हे आधी का नाही बोललास. बोलायला हवं होतं. सध्या मला जेवण जात नाही. बायको म्हणते डॉक्टरला दाखवा. डॉक्टरला काय दाखवू?

मला एक लहानशी गोष्ट तपासायचीय. कापणीच्या वेळचे काही नमुने माझ्याकडे टांगलेले आहेत. ते मोजून होईपर्यंत गिरणीकडे कोणी जाऊ नका. कारण विचारू नकोस, तू विचारलंस की मला खोटं बोलावं लागतं.

तुझा
ठोंब्या

---

ता. ३ ऑक्टोबर, सकाळ

ताई,

हे पत्र आणणारा ड्रायव्हर माझ्या ओळखीचा आहे. त्याच्या ट्रकमध्ये तुमच्या वस्तीचं नवं बियाणं आहे. पोती उतरवायच्या आधी हे पूर्ण वाच. काल संध्याकाळपासून सात वेळा तुला फोन केला. लागला तेव्हा तू "गिरणीवर नंबर लावायचाय, रविवारी सगळ्यांचा गहू जायचाय" म्हणालीस. गुडघ्याची चौकशी करून मी फोन ठेवला. इतका भित्रा मी आहे.

आता ऐक. आमच्याकडे गहू छोट्या वाफ्यांत लावून मोजतात. वाफ्याच्या काठावरच्या ओळींना ऊन जास्त, वारा जास्त, शेजारच्या वाटेतलं खतपाणीही त्याच ओढतात. त्यांच्या ओंब्या टपोऱ्या होतात. मोठ्या शेतात असा काठ किती असणार? म्हणून त्या ओळी आधी कापून बाजूला टाकायच्या आणि फक्त मधलं पीक काट्यावर घ्यायचं. इथे लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मी स्वतः किती जणांना शिकवलंय.

तुमचा जुना गहू एक ते बारा वाफ्यांत होता. तो आधी पिकला, आम्ही तो नीट कापला. नवा तेरा ते चोवीसमध्ये. तो तयार झाला तेव्हा आभाळ भरून आलं होतं, कामावर दोनच माणसं होती आणि शुक्रवारी पैसा गुंतवणारी मंडळी यायची म्हणून साहेबांना आकडा हवा होता. मी म्हटलं, काठासकट कापा, काठाचं नंतर वेगळं करू. नंतर कोण करतंय. सगळं एकत्र मळलं. तक्त्यावर क्षेत्र छापलेलं होतं ते फक्त मधल्या ओळींचं, आणि पोत्यात धान्य सगळ्या वाफ्याचं. मी भागाकार केला. दीडपट आलं.

आठ दिवसांनी रिकामी पोती आवरताना माझ्या लक्षात आलं, काठाचं वेगळं पोतं नव्हतंच. पण तोवर साहेबांनी आकडा सभेत वाचला होता, टाळ्या झाल्या होत्या, आणि त्याच दुपारी माझ्या हातात पक्क्या नोकरीचा कागद पडला होता. अकरा वर्षं हंगामी म्हणून राबलो होतो, ताई. मी मूग गिळून बसलो.

मग तू विचारलंस, आकडा खरा आहे ना? मी म्हणालो, "ताई, मी स्वतः मोजलाय." हे वाक्य मी ठरवून बोललो. त्यात खोटा असा एकही शब्द नव्हता. त्या वाक्याची मला लाज वाटते, तेवढी बाकी कशाचीच वाटत नाही.

परवा ते टांगलेले नमुने काढले. कापणीच्या आदल्या दिवशी प्रत्येक वाफ्याच्या मधोमध मीटरभर ओळ कापून, चिठ्ठी बांधून ठेवतात. चोवीस पेंढ्या मी हाताने चोळल्या, एकेक वजन तीन-तीनदा केलं. एखादा तरी आकडा मला वाचवेल असं वाटत होतं. नवा गहू तुमच्या गव्हाच्या जेमतेम बरोबरीचा आहे. पाणी मात्र दुप्पटच पिणार. तुमच्या विहिरी दोन-तीन वर्षांत कोरड्या पडल्या आणि परत जुन्या गव्हाकडे यायचं म्हटलं, तर पेरायला बी कुठून आणणार? तो गहू तुमच्या अकरा घरांच्या कोठ्या सोडून कुठेच नाही. आमच्याकडे त्याच्या बियांचा एक डबा होता, तो मी उघडून पाहिला, त्याला कीड लागलीय.

हे साहेबांना तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "आता गप्प बसा, पुढच्या हंगामात दुरुस्त करू." म्हणून या पत्राची दुसरी प्रत आणि नमुन्यांचे आकडे त्यांच्या वरच्या कचेरीत देऊन मी दुपारच्या गाडीने तुमच्याकडे निघतोय. टेबलाची किल्ली खणातच ठेवली. बायकोला सांगितलंय. ती रडली, मग तिनेच पिशवी भरून दिली.

गिरणी थांबव. कुणी आधीच दळून आणलं असेल, तर ज्याच्याकडे अख्खा गहू उरला असेल त्याच्याकडून पायलीभर तरी मागून घे. भांडून घे. मला काय बोलायचं ते मी आल्यावर बोल, दारात उभं करून बोल, मी ऐकून घेईन.

एकाच गोष्टीची भीती वाटते. तू हे एकटीने वाचशील, माझी नोकरी आणि माझी पोर आठवेल, आणि पत्र फाडून चुलीत घालशील. वर लोकांना स्वतःच सांगशील, की माझंच मन बदललं, माझीच चूक झाली. लहानपणापासून माझ्या वाटचा मार तू असाच खात आलीस. या वेळी नको. अकरा घरांना एकत्र बसव आणि पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाच. खाली माझ्या खऱ्या नावाची सही आणि पद आहे, ते सर्वांत मोठ्याने वाच.

तुझा भाऊ,
[सही]
मोजणीदार, गहू विभाग. वाफे क्रमांक तेरा ते चोवीस यांचा आकडा मी चुकीचा दिला.