पापणीतली खाच

बाई, उसाच्या मळ्यातली ती बाळंतीण तुम्हाला आठवत असेल. बहात्तर-त्र्याहत्तरचा सुमार, प्रवरेकाठचा आपला दवाखाना, आणि मी नर्सिंग संपवून नुकतीच तुमच्या हाताखाली आलेली. तुम्ही शेजारच्या खोलीत एका अडलेल्या बाईपाशी होतात. बाळ पुसताना मला दिसलं, उजव्या वरच्या पापणीत मधोमध खाच होती. पोर झोपली तरी डोळा तेवढा उघडाच राहायचा. तिची आई म्हणाली, "सिस्टर, ह्यो डोळा मिटतच न्हाई बघा." "भरून येईल," मी म्हणाले. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे सांगायची लाज वाटली. तुम्ही विचारलंत, "बाळ नीट पाहिलंस ना?" मी हो म्हणाले.

सव्वा महिन्यानं ती परत आली तेव्हा बुबुळ पांढरं पडलं होतं. तुम्ही स्वतः मायलेकींना एसटीनं नगरला घेऊन गेलात. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, पहिल्या दिवसापासून मलम घालून डोळा ओला ठेवला असता, पापणी वेळेवर शिवली असती, तर नजर वाचली असती. आता काही होणार नाही.

परतल्यावर आपल्या दवाखान्याच्या दारात पोरीची आजी तुम्हाला गाठते. "तुमाला दिसलं न्हाई व्हय? पोरीची जात, कोन करील तिला?" तुम्ही हात जोडता. "चूक माझी आहे, आजी. बाळ मी बघायला पाहिजे होतं." मी तुमच्या मागेच उभी आहे, हातात उकळलेल्या कात्र्यांचा ट्रे. तुम्ही ओरडला असतात तर कदाचित खरं बोलले असते. तुम्ही एवढंच म्हणालात, "पापण्या उघडून, मिटवून बघितल्याशिवाय बाळ आईकडे द्यायचं नाही." पुढं निवृत्त होईपर्यंत प्रत्येक बाळ तुम्हीच पाहिलंत. माझ्यावर कधी सोडलं नाहीत.

तुम्ही हे जग सोडून गेल्यानंतर काही वर्षांनी तीच पोर माझ्याकडे बाळंतपणाला आली. त्या पांढऱ्या डोळ्यावरून मी तिला ओळखलं. बाळ रडलं तशी म्हणाली, "बाई, आधी डोळं बघा." मी तीनदा पाहिले. पापण्या धड होत्या. ती ढसाढसा रडली. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. घरी जाताना ती माझ्या पायाशी वाकली आणि मी पाय मागे घेतले नाहीत.

खरं तर हे पत्र तिला लिहायला हवं. तिचं घर मला ठाऊक आहे, चालत जाता येईल इतकं जवळ. तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही वाचणार नाही.