बोलावणं नसलेला सण

१० नोव्हेंबर

मेजरने आज पुन्हा बोलावलं माझ्या नवऱ्याला, मिओद्रागला! संघटना सोड, नाहीतर बदली — पार दक्षिणेला. आपल्याकडे सैनिकाला संघटना करता येते हा कायदा मेजरलाही पाठ आहे. पण कायद्याचं नावच काढलं नाही म्हणे त्याने. नुसतं विचारलं, "मुलगी कितवीत आहे तुझी?"

सगळं त्या ट्रकांवरून. डोंगरावर गोळीबाराच्या मैदानाकडे जाणाऱ्या ट्रकांचे ब्रेक लागत नाहीत, हे मिओद्राग बेलग्रेडच्या पेपरवाल्यांशी बोलला. सगळे ड्रायव्हरच मागे लागले होते, तू शाखेचा प्रमुख, तूच बोल म्हणून. आता मेजर एकेकाला आत घेतो आणि जो बाहेर येतो तो संघटना सोडूनच येतो.

१३ नोव्हेंबर

तिहोमीरनेही सोडली. आमच्या लग्नाचा साक्षीदार, आमच्या लेकीचा धर्मपिता — आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाच्या वरचं. आणि त्या ट्रकांतला सगळ्यात खटारा ट्रक तोच चालवतो!

मिओद्राग म्हणाला, "त्यालाही पोरं आहेत, रोसा." मला नाही एवढं मोठं मन.

१६ नोव्हेंबर, आमच्या घराण्याच्या संताचा दिवस

या सणाला कोणाला बोलवायचं नसतं. ज्याला यायचं तो आपण होऊन येतो. दरवर्षी निम्मी छावणी लोटते, बूट ठेवायला जागा पुरत नाही.

पहाटे उठून गोड गहू शिजवले, कोबीच्या पानात खिमा-भात गुंडाळून सारमा केला, संताची पोळी भाजली. मेणबत्ती लावली. घरधन्याने पाहुणे असेपर्यंत बसायचं नाही ही रीत. पाहुणेच नाहीत, तरी मिओद्राग उभाच! कोणी आलं तर, म्हणाला.

पोळी पाहुण्याबरोबर धरून मोडायची असते. तिहोमीरच धरतो दरवर्षी. शेवटी लेकीने धरली. तिने विचारलं, धर्मबाबा आजारी आहेत का? मी हो म्हटलं.

मला रडू आवरेना. दोष द्यायचा कोणाला? सगळेच घाबरलेले, आम्हीसुद्धा.

१७ नोव्हेंबर

उरलेला सारमा शेजारच्या म्हातारीला नेऊन दिला. एवढा कसा उरला, विचारलं नाही तिने. तेच जास्त लागलं.

२१ नोव्हेंबर

मिओद्रागने आज संघटना सोडली. घरी येऊन बूट काढले आणि सांगितलं, "आता शाखेत कोणीच नाही." बदली टळली. सुटलो बाई एकदाचे! मी त्याच्या आवडीचं बीनचं सूप केलं. तो सूपात नुसता चमचा फिरवत बसला. मला मात्र खूप दिवसांनी भूक लागली होती.

२२ नोव्हेंबर

आज उतारावर तिहोमीरच्या ट्रकचे ब्रेक गेले. मागे नवी शिपाई पोरं बसलेली. त्याने ट्रक डोंगरकडेला घासत घासत थांबवला म्हणून सगळी वाचली. मग एकाही ड्रायव्हरने पुढे चाक हलवलं नाही. हुकूम मोडला म्हणून उद्या सगळ्यांची चौकशी.

आत्ता सगळे दारात आलेत. तिहोमीरचा हात गळ्यात बांधलेला. म्हणतोय, "चुकलो रे. आम्ही सगळे परत येतोय संघटनेत. उद्या आमच्या बाजूने शाखाप्रमुख म्हणून तू उभा राहा, म्हणजे झालं."

मिओद्राग दार धरून उभा आहे. कालचं त्यांना अजून ठाऊक नाही.