मेजरसाहेबांचं माफीपत्र

६ मार्च १९९७, गुरुवार
म्हातारा आज रडला!

इथे आखातात गुरुवारी ऑफिस अर्धा दिवस, म्हणून दुपारी जुमेराला मेजर व्हिटलींच्या आठवणी टाइप करायला जाते. लेकीकडे राहतात, वय ब्याऐंशी. नगरचं घोडदळ, पोलो, मग रणगाडे, ब्रह्मदेश, पदकं — इतके दिवस नुसती बढाई. आज एकोणचाळीस साल आलं आणि गाडी अडली.

पोलोनंतर घामाने निथळणाऱ्या घोडीला त्यांनी स्वतः पोटभर पाणी पाजलं. घोडी सांभाळणारा मोतद्दार जगन्नाथ "नको साहेब" म्हणत होता. घोडी पोट दुखून मेली. कर्नलना सांगितलं — पाणी जगन्नाथने पाजलं. त्याला हाकललं. ह्यांना बढती!

म्हणाले, "मी खोटं बोललो, हे त्याला मराठीत लिही. माफी मागतोय म्हणावं." पत्ता जुना, भिंगारचा.

१० मार्च
पत्र लिहिलं. एवढ्या मोठ्या माणसाने मोतद्दाराचे पाय धरायचे? मलाच कसंतरी झालं. "खोटं बोललो" गाळलं. लिहिलं — झालं गेलं विसरावं, साहेबांच्या मनात आता काही नाही. नवऱ्याला, प्रकाशला वाचून दाखवलं. "छान जमलंय," म्हणाला. गुरुवारी मी घरी सगळं सांगितलेलं अंतराने ऐकलं होतं; मध्येच म्हणाली, "बट आई, दॅट्स नॉट व्हॉट ही सेड." नऊ वर्षांची कार्टी. गप्प बस म्हटलं.

१३ मार्च
मेजरनी सही केली. मराठी वाचता येत नसताना पत्रावरून बोट फिरवत बसले होते. खाली माझ्या ऑफिसचा पोस्ट बॉक्स घातला.

२७ मार्च
उत्तर नाही. दर वेळी विचारतात. मी "इन्शाल्ला" म्हणते.

२२ एप्रिल
पत्र आलं. जगन्नाथच्या नातीचं, हेमाचं.

"आजोबांना पत्र चारदा वाचून दाखवलं. घोडी मारल्याचा ठपका घेऊन जन्म काढला त्यांनी. पुन्हा कुणी तबेल्यात उभं केलं नाही. अलीकडे त्यांनाच वाटायचं, पाणी आपणच पाजलं असेल. म्हणाले, साहेबांनी मला माफ केलं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गेले."

मी कोण होते गाळणारी? जेवण गेलं नाही. प्रकाश म्हणतो, सोडून दे, समाधानाने गेला ना माणूस. कसलं समाधान! न केलेल्या गुन्ह्याची माफी मिळाली त्याला, आणि ती मी दिली.

२४ एप्रिल
उत्तर आलं म्हटल्यावर मेजरनी विचारलं, "त्याने मला माफ केलं?"
हो म्हटलं.