रिकाम्या शहराबद्दल माझं ठाम मत

८ सप्टेंबर, सोमवार
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रेशर वाढलंय. राग आला की बोलू नका, लिहून काढा. म्हणून ही वही. शाळा चौथीत सुटली, लिहायची सवय नाही. पण मला राग येतच नाही, तेव्हा फार लिहावं लागणार नाही. मी फक्त खरं बोलते. लोकांना झोंबतं, त्याला मी काय करू?
वही कोरी राहू नये म्हणून दुसरं काम काढलंय. दुकानात इस्त्री करताना मी फोनवर एक प्रोग्राम ऐकते, जुन्या जगातल्या कोड्यांचा. कार्यक्रमवाला कोडं सांगतो, मग दहा विद्वानांची दहा मतं सांगतो आणि शेवटी म्हणतो, हे गूढ आजही कायम आहे. अरे, मग तासभर बसवलंस कशाला? ठरवलं. ही कोडी आता मी सोडवणार.
संकल्प: सुनेला बोलायचं नाही.

९ सप्टेंबर
सुनेला बोलले. पण तिने ओला टॉवेल माझ्या इस्त्रीच्या टेबलावर टाकला होता. हे धरायचं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार
पिरॅमिड. एवढाले दगड वर नेले कसे? एक म्हणतो, सरळ उतार बांधला. दुसरा म्हणतो, उतार गोल गोल चढत गेला. तिसरा म्हणतो, वाळूवर पाणी शिंपडून दगड ओढले. चौथा म्हणतो, परग्रहावरचे लोक आले. परग्रहावरून येऊन दगड रचत बसले? घरी कामं नव्हती त्यांना?
पाणी पटलं. पाणी शिंपडल्याशिवाय कडक कापड वळत नाही, तसंच ते. पण विद्वान एक गोष्ट विसरले. हजारो माणसं आपणहून हलत नाहीत. मागे कोणीतरी ओरडणारं लागतं. माझी थिअरी: एक बाई होती.
आमच्या ह्यांना सांगितलं. म्हणाले, असेल. आणि ती गेल्यावर सगळ्यांनी हुश्श केलं असेल. ह्यांना इतिहासाची आवड नाही.
कार्यक्रमवाल्याला व्हॉइस मेसेज पाठवला. उत्तर नाही. विचारात पडला असेल.

१७ सप्टेंबर
नात मी खोलीत आले की टेबलाखाली जाऊन बसते. माझ्याशी लपंडाव खेळायला फार आवडतं तिला. कितीही हाका मारा, बाहेर येत नाही. खेळात पक्की. आज हाताला धरून ओढून काढली तर रडली. हरलं की रडतातच मुलं. सून धावत आली, पोरीला उचलून आत घेऊन गेली. खेळात मोठ्यांनी पडू नये, हे तिला कोणी शिकवलेलं नाही. सांगितलं. तिच्या आईचंही थोडं सांगितलं.

२१ सप्टेंबर, रविवार
समुद्रातलं बेट, त्यावर दगडाचे अवाढव्य पुतळे. खाणीतून किनाऱ्यापर्यंत आणले कसे? एक मत: आडवे करून ओंडक्यांवरून. दुसरं मत: उभेच. दोर बांधून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे डुलवत. म्हणजे पुतळे चालत गेले!
पटेना. म्हणून प्रयोग. मुलाला म्हटलं, चल, तुमच्या खोलीतलं लोखंडी कपाट चालवून बघू. तो दचकलाच. आई, त्याला हात लावू नकोस, म्हणाला. मी लावला. कपाटामागे खोकी. घडी घातलेली, सोबत चिकटपट्टी. हे काय, विचारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सून म्हणाली, ह्यांच्या ऑफिसचं आहे.
असेल. मुलगा कुरिअर कंपनीत आहे. कुरिअरवाल्याच्या घरी खोकी नसतील तर काय पुतळे असतील?
प्रयोग राहिला.

२५ सप्टेंबर
खोक्यांवर शांतपणे विचार केला. तीन मतं.
एक, ऑफिसची. पण आता एकदोन खोकी भरून ठेवलीत. पण ऑफिसच्या खोक्यावर सून 'स्वेटर' आणि 'बाहुल्या' कशाला लिहील? बाद.
दोन, जुनं सामान कोणाला तरी देणार. सुनेचा हात एवढा सैल नाही. बाद.
तीन, माझी पन्नाशी जवळ आलीय. गुपचूप घर रंगवून घ्यायचं ठरलंय, म्हणून सामान आवरताहेत. यात सगळे पुरावे बसतात. मी आले की बोलणं थांबतं. मुलगा टेप घेऊन कपाट मोजत होता. आज जेवताना तो म्हणाला, आई, तुझ्याशी एक बोलायचंय. मी म्हटलं, आधी पाठ सरळ करून बस. मग तो काही बोललाच नाही. गुपित फुटेल म्हणून घाबरला.
आडून आडून सुचवलं, मला फिकट निळा आवडतो. सुनेने डोळे मिटून घेतले. भरून आलं असेल.

२८ सप्टेंबर, रविवार
रिकामं शहर. सरळ रस्ते, पक्की गटारं, विहिरी, सगळं जागच्या जागी. माणसं मात्र नाहीत. गेली कुठे? नदीने पात्र बदललं. पाऊस आटला. रोगराई आली. शत्रू आला. शत्रूच्या मताला आता फारसं कोणी विचारत नाही म्हणे.
मग एक विद्वान बाई बोलली. म्हणाली, एका दिवसात कोणी गेलं नाही. आज हे घर उठलं, काही वर्षांनी ते. एकच मोठं कारण शोधू नका. तिथे राहणं जड होत गेलं, एवढंच.
हसूच आलं. राहणं जड होत गेलं! डोक्यावर पक्कं छप्पर, दारात विहीर, आणखी काय पाहिजे? बाईने संसार केलेला दिसत नाही. माझं ठाम मत: पाणी, नाहीतर शत्रू. बाहेरचं कारण असल्याशिवाय माणूस घर सोडत नाही.
सुनेला विचारलं, तुझं काय मत? म्हणाली, त्या बाईंचं बरोबर आहे. मी म्हटलं, तुला काय कळतंय, तू दातांच्या दवाखान्यात नुसती नंबर पुकारतेस. ती म्हणाली, म्हणूनच, आई. म्हणूनच काय, ते सांगितलं नाही. अर्धवट बोलायची खोडच आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार
गेले.
सकाळी टेम्पो आला. मी हमालांना विचारलं, रंगाचे डबे कुठायत? ते मुलाकडे बघायला लागले. मुलगा म्हणाला, आई, आम्ही दुसरीकडे राहायला चाललोय. किती वेळा सांगायला आलो, तू बोलूच दिलं नाहीस. मी म्हटलं, साफ खोटं, मी कधी कोणाला मध्ये तोडत नाही. तो म्हणाला, पण आई. मी म्हटलं, मला पूर्ण बोलू दे.
हमालांनी लोखंडी कपाट उभंच ठेवलं. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे करत दाराबाहेर नेलं. चालत गेलं. म्हणजे पुतळ्यांचं दुसरं मत खरं. मी सगळ्यांना ओरडून दाखवलं. कोणी पाहिलं नाही. नात बापाच्या खांद्यात तोंड खुपसून होती.
सुनेचा दवाखाना तिकडून जवळ पडतो. बाहेरचं कारण. तात्पुरतं आहे.

८ ऑक्टोबर
रोज फोन करते. नात फोनवर येत नाही, झोपलेली असते. सकाळी दहाला झोपलेली. दुपारी चारला झोपलेली. संध्याकाळी सातला झोपलेली. नवीन जागेची हवा मानवत नाही तिला.
कार्यक्रमवाल्याचं उत्तर आलं! एक अंगठा. ह्यांना दाखवायला गेले तर दुकानात नव्हते. हल्ली कपडे पोचवायला जातात ते लवकर परत येत नाहीत. गिऱ्हाइकं वाढली असावीत.

१२ ऑक्टोबर, रविवार
हे म्हणाले, एकदा चुकलं म्हण आणि गप्प बस. जमेल? मी म्हटलं, म्हणते की. आधी काय चुकलं त्याचा पुरावा आणा. हे चप्पल घालून बाहेर गेले.
सुनेला फोन केला. पुढच्या रविवारी येते म्हटलं. म्हणाली, आम्ही घरी नाही. कुठे जाणार? बाहेर. बाहेर कुठे? बाहेर, आई.
प्रोग्राम ऐकला नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार
गेलेच. चुकलं म्हणायचं, असं खरंच ठरवून गेले. वाटेत घोकत होते. चुकलं. फक्त चुकलं. त्यापुढे काही जोडायचं नाही.
दुसरा मजला. दाराबाहेर चपला होत्या. आतून हसू ऐकू आलं, नातीचं. एवढं खदखदून हसते ती, मला माहीत नव्हतं. बेलवर बोट ठेवलं. दाबलं नाही. खाली आले. रस्त्यात थोडा वेळ उभी राहिले.
संध्याकाळी हे घरी आले. मी म्हटलं, मुलाकडे गेले होते, कोणी नव्हतं. म्हणाले, सगळे होतो. मीसुद्धा. खिडकीतून दिसलीस तू.
मी विचारलं, मग हाक का नाही मारलीत?
 हे म्हणाले, मारणार होतो. पोरगी म्हणाली, आजोबा, नका ना मारू.
साडेचार वर्षांची पोर. तिला काय कळतंय.