तीन नंबर सोडून

३ नोव्हेंबर, सावली
लिहून ठेवते, कारण पुण्याच्या कंपनीचा कौस्तुभ सोमवारी फोनवर बोललेलं मंगळवारी नाकारतो. यापुढे कौ. पूर्ण नावाची शाई का वाया घालवावी.
काम असं. राईस मिलमध्ये धान भिजवायच्या टाक्या एका कंट्रोलरवर चालतात. त्याचा प्रोग्राम आता माणूस लिहिणार नाही. वामन ऑपरेटर मराठीत बोलेल, एआय एजंट प्रोग्राम बदलून कंट्रोलरमध्ये उतरवेल. हे करायला एजंटला जी साधनं दिली आहेत, त्यांची पुस्तिका मी मराठीत करायची. आयटीआयला जन्मभर इन्स्ट्रुमेंटेशन शिकवलं, त्याचं हे फळ.

५ नोव्हें.
कंपनीचा मसुदा आला. यंत्रानेच लिहिलेला असणार. पानोपानी 'सहज', 'सक्षम', 'अखंड'. वॉल्व अडकला तर काय, ते कुठेच नाही.
ही पुस्तिका एजंटही वाचतो. कोणतं साधन कधी वापरायचं ते वाचूनच ठरवतो. म्हणजे वाक्य चुकलं की वॉल्व चुकला. कौ.ला सांगितलं. "मॅडम, तो खूप स्मार्ट आहे." माझ्या वर्गात असले स्मार्ट पुष्कळ होते. एकाने मीटर रेझिस्टन्सवर ठेवून चालू मेन्समध्ये घातला होता, मीटर जळाला.

६ नोव्हें.
पुस्तिकेमागची शब्दयादी. कौ.चा नियम, एका शब्दाला एकच अर्थ. 'सोडणे: वॉल्व उघडणे.' विचारलं, मग 'नाद सोडणे'चं काय? हसला. यादी तशीच ठेवली. पुण्यात लोक काय काय सोडतात देव जाणे.

९ नोव्हें.
चाचणी. मालक खुर्ची टाकून बसलेले, कौ. व्हिडिओवर. तीन नंबरची टाकी रिकामी, टाक्या साफ करणारा देवराव आत उतरून तळ खरडत होता. वामनला माहीत, मला माहीत. म्हणूनच वामन बोलला ते असं:
"तीन नंबर सोडून सगळ्या टाक्याईत गरम पाणी घे."
स्क्रीनवर हिरवी ओळ, समजलं. मग लाल, प्रोग्राम उतरवता आला नाही. पॅनेलची किल्ली 'रन'वर होती. त्या जागी असली की बाहेरून काही बदलता येत नाही. सकाळी मीच फिरवली होती. एजंटने लगेच उपाय सांगितला: किल्ली 'रिमोट'वर करा. पुस्तिकेत तसंच आहे, ते पान कौ.ने लिहिलेलं.
वामनचा हात किल्लीवर.
थांब म्हटलं. आधी काय उतरवतोय ते दाखव.
पहिलीच ओळ, तीन नंबरचा गरम पाण्याचा वॉल्व उघड. मग बाकीचे. म्हणजे आधी तीन 'सोडायचा', मग सगळ्यांत घ्यायचं. यादीप्रमाणे अगदी बरोबर.
वामनने किल्लीवरचा हात काढला. "म्या त सोडून म्हणलो होतो ना, बाई."
"त्यानेही तेच ऐकलं."
टाकीतून देवराव: "काऊन रे, बसली का तुमची मशीन?"

१० नोव्हें.
कौ.चा फोन. "पण झालं तर काही नाही ना." त्याच्या अहवालात कालचा दोष एकच: 'किल्ली चुकीच्या जागी.' 'सोडणे'चा दुसरा अर्थ पुढच्या आवृत्तीत घालणार म्हणे. मी एक ओळ घातली होती, प्रोग्राम उतरवण्याआधी टाकीत माणूस आहे का ते विचार. ती त्याने काढली. "दर वेळी विचारलं तर ऑपरेटर कंटाळेल."
वामनला विचारलं, कंटाळशील का?
"देवराव माह्या मावसभाऊ व्हय. वर्षभर इचारू द्या त्याले."
मालकांना थांबायला सांगितलं. "सीझन आला ना बाई. धान येऊन पडून राह्यलं. तेरा तारखेले चालू करा लागते." काल तो प्रकार झाल्यावर खुर्चीवरून उठून ते आधी टाकीत डोकावून आले होते, हे मी पाहिलं. तरी तेरा तारीख.

१२ नोव्हें.
सुपूर्द केलं ते.
पुस्तिका, छापील प्रत मालकांना. फाईल मिलच्या संगणकावर चढवली, कौ.ला मेलने पाठवली. माझी ओळ परत घातली आहे. किल्ली फिरवण्याचा उपाय काढला. आता तो पुण्यात बसून पुन्हा काय काढील आणि काय घालील, ते त्याच्या स्मार्ट एजंटलाच ठाऊक. शब्दयादीवर माझी सही नाही.
पॅनेलची किल्ली 'रन'वर करून काढली आणि देवरावला दिली, वामनसमोर. टाकीत उतरताना अंगावर ठेवायची, बाहेर आल्याशिवाय कोणाला द्यायची नाही. त्याने तिथेच करदोड्याला बांधली.
"म्हणजे आता मशीनले मलेच इचारा लागन."
"हो. मालकांनाही."
पॅनेलसोबत किल्ल्या दोन येतात. दुसरी कौ. पॅनेल बसवायला आला तेव्हा बॅगेत घालून घेऊन गेला. परत मागितली.
"बघतो मॅडम."
उद्या टाक्या सुरू. देवराव सकाळपाळीला आहे.